चेन उघडून घेतलेली गादी

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो, आणि माझ्या एका कोपऱ्याचा आता भुगा होत चालला आहे. तरी माझे मन भरलेले आहे, कारण मला ज्या बाईने विकत घेतले तिच्यासारखे गिऱ्हाईक सगळ्याच गाद्यांच्या नशिबी येत नाही.

माझा जन्म एका दुकानामागच्या लहानशा कारखान्यात झाला. रबराच्या झाडाचा पांढरा चीक तिथे फेस येईपर्यंत फेटत, साच्यात ओतत आणि वाफेवर शिजवत. साच्यातल्या खुंट्यांमुळे माझ्या अंगभर भोके पडली. त्यांतून हवा खेळते. वरून जाड सुती कापडाची खोळ आली, खोळीला एका कडेने लांब चेन लावली आणि आतल्या बाजूने मेंढीच्या लोकरीचा थर टाके घालून बसवला. सरसाचा थेंबही कुठे लागला नाही.

त्या लोकरीचा मला फार तोरा होता. चिकात चिमूट-चिमूट काहीतरी मिसळावे लागले होते. लोकर मात्र मेंढीच्या अंगावरून उतरलेली, नुसती धुऊन पिंजलेली. आपल्यात शुद्ध म्हणावे असे काही असेल तर ते हेच, असे मी धरून चालले होते.

दुकान चालवणारी बाई तिशीची असेल. सगळे तिला ताई म्हणत. एके दिवशी दुपारी दुकानात तिघी आल्या. आई, तिची सासू आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे होते. तिचे हात सारखे खाजवण्यात गुंतलेले, म्हणून आजी तिला खारूताई म्हणायची. रात्री खाजेने तिला झोप नव्हती आणि दिवसा शाळेत ती बाकावर मान टाकायची. घरातल्या जुन्या फोमच्या गादीने हे वाढत असेल का, अशी आईला शंका होती.

आई चष्म्याच्या काचा घासून बसवण्याचे काम करायची. त्यामुळे कुठलीही वस्तू डोळ्यांजवळ धरून पाहायची तिला सवय. इतर लोक येत, माझ्यावर दोनदा बूड आपटत आणि "मऊ आहे" म्हणत. हिने आधी मला उलटे केले. शिवण पाहिली, वास घेतला.

"ताई, चेन उघडू?"

"उघडा ना. त्यासाठीच लावलीय."

"तीन दुकानं फिरले. सगळीकडे गादीवर हिरव्या पानाचं चित्र आणि चेनला हात लावला की म्हणतात, वॉरंटी जाईल." तिने आत हात घालून चीक दाबला, लोकर चाचपली. "यात केमिकल अजिबात नाही ना?"

"आहे की," ताई म्हणाली.

आजीने पदर सावरला. "घ्या. आत्तापर्यंत सगळे नाही म्हणत होते. हिला निदान विकायची घाई नाही."

"गंधक आहे," ताई सांगू लागली. "नुसता चीक शिजवला तर ढिला, चिकट राहतो. गंधक आणि अजून एकदोन पदार्थ घातले की मगच दाबला तरी पुन्हा वर येतो. नंतर पाण्यानं खूप धुतो, पण थोडं राहतंच. सरस नाही, फोम नाही, अत्तर नाही. जे नाही ते नाही आणि जे आहे ते आहे."

"अगं, तू दुकान चालवायला बसलीयस की बंद करायला?" आजी म्हणाली. मला तर वाटले, संपले सगळे. आता या निघून जाणार.

आई मात्र खाली बसली. "हे हिला चाललं नाही तर परत घ्याल?"

"अंगाखाली वापरलेली गादी नाही घेता येत हो. म्हणून आधीच बघा." ताईने चीक, लोकर आणि सुती कापड यांचे तळहाताएवढे तुकडे कापले. "एका वेळी एकच तुकडा हाताखाली ठेवा. चट्टा नसलेल्या जागी. मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. सगळे एकदम लावलेत तर कशानं काय झालं ते कळायचं नाही."

"आधी डॉक्टरांना विचारते," आई म्हणाली.

"विचाराच."

मित्रांनो, नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. गंधकाने दगा दिला तर? चिकावर मी मनातल्या मनात रागावून घेतले. लोकरीची काळजी मला शिवलीसुद्धा नाही.

तिघी परत आल्या. आईने खारूताईची बाही वर केली. मनगटाच्या वर एक लाल ठसा होता.

"हा कशाचा?" ताईने विचारले.

"लोकरीचा."

"मेंढी बाधली बघ," आजी म्हणाली. "आणि त्या गंधकवाल्या तुकड्यावर गाल ठेवून पोरगी घोरली."

माझा सगळा तोरा क्षणात उतरला. ज्याला मी सर्वांत शुद्ध मानत होते तेच त्या मुलीला टोचत होते. लोकरीचा धागा बारीक काट्यासारखा असतो. नाजूक कातडीला तो ओरबाडतो, मग तो कितीही निर्मळ असो. मला लाज वाटली, पण आई ताईला सहज म्हणाली, "लोकर वाईट नाही हो. हिला चालत नाही, एवढंच."

एवढे न्यायाने बोलणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. ताईने त्यांच्यासमोर टाके उसवले, लोकर काढली, तिच्या जागी पिंजलेला कापूस बसवला आणि खोळ दोनदा धुऊन मग मला त्यांच्या घरी धाडले.

मी खारूताईचा आजार बरा केला, असे मी म्हणणार नाही. मलम डॉक्टरांचे होते आणि ते न चुकता लावणारे हात आईचे. मी फक्त त्रासात भर घातली नाही. पण एके दिवशी सकाळी आजी खोलीत आली आणि दारातच थबकली. मुलगी पालथी पडून गाढ झोपली होती, दोन्ही हात स्वस्थ पसरलेले.

"शाळेला उशीर होतोय गं," आजी कुजबुजली.

"होऊ दे," आई म्हणाली, आणि कामावर जायचे सोडून तिथेच भिंतीला टेकून बसली.

पुढे आजीने मायेने मला गॅलरीतल्या कडक उन्हात टाकले. गादीला ऊन दाखवायचे, ही तिची जन्माची सवय. पण ते कापसाच्या गादीला मानवते. उन्हाने चीक पिवळा पडतो, ठिसूळ होतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते. माझा कोपरा गेला तो तेव्हापासून. आजी किती दिवस त्या कोपऱ्यावरून हात फिरवायची. मग खारूताई शिकायला दूर गेली आणि मी कपाटामागे उभी राहून वाकले. तिथे कोळ्यांनी जाळी विणली.

म्हणून एक मागणे आहे, मित्रांनो. माझ्यासारखे कुणी घरी आणाल तेव्हा चित्रावर जाऊ नका, चेन उघडा. "शुद्ध आहे का" एवढेच विचारू नका, "यात काय आहे आणि ते आमच्या माणसाला चालेल का" असे विचारा. खरे उत्तर देणाऱ्याला सोडू नका. आणि आम्हाला सावलीत आडवे ठेवा, वारा लागू द्या.

सुट्टीत खारूताई घरी आली आहे. तिने मला झटकून पुन्हा पलंगावर घातले आहे. आत्ता ऊन खिडकीच्या वर चढले तरी ती माझ्यावर पसरलेली आहे, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो आहे, "ऊठ गं आता, किती लोळशील? एवढी कसली मेली झोप ती?"

माझे याहून मोठे कौतुक आजवर कुणी केलेले नाही.