नळाला दिवस गेले

फर्निचरच्या दुकानावर एक हॉल होता. तिथे सकाळी नऊलाच बायकांची ही झुंबड! चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता. जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या हातात दोनच वस्तू: रुमालाखाली झाकलेला लघवीचा प्लॅस्टिकचा पेला आणि मेडिकलमधून आणलेली गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी, पाकीट न फोडलेली. समोर गादीवर पाळणाबाबा. हे नाव लोकांनी ठेवलं होतं आणि बाबांना ते इतकं मानवलं, की त्यांनी मागच्या भिंतीवर पाळण्यांचे अकरा फोटोच टांगून टाकले.

"आम्ही कशाला हात लावत नाही, माई!" बाबा गरजले. "पेला तुझा, पट्टी तुझी, डोळे तुझे. विज्ञान खोटं बोलतं का? नाही ना? मग विज्ञानालाच विचार!"

मग शिष्याने बर्फाच्या पेटीतून एक छोटी बाटली काढली. बाबांनी पेल्यात मोजून तीन थेंब टाकले, मंत्र पुटपुटले, बाईने पट्टी बुडवली. पाच मिनिटांत पट्टीवर दोन लाल रेघा! बाई हमसून रडू लागली, सासूने तिथेच लोटांगण घातलं आणि हॉलमध्ये जयजयकार झाला.

रांगेत विसाव्या नंबरवर उभी असलेली लॅबताई मात्र त्या बर्फाच्या पेटीकडे बघत होती.

तिला सगळे लॅबताईच म्हणत. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात ती चौदा वर्षं रक्त-लघवी तपासत होती. बाबा-बुवांचा तिला भारी तिटकारा. एरवी तिने या जिन्याची पायरीही चढली नसती, पण शेजारी तिची धाकटी जाऊ उभी होती आणि तिच्यासाठी यावं लागलं होतं.

जावेच्या अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ होती. लॅबताईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून स्पष्ट सांगितलं होतं, "गाठीला पीळ बसला तर अंडाशय गमवावं लागेल. गुरुवारी ऑपरेशन करू, उशीर नको." तेवढ्यात जाऊ बाबांकडे जाऊन आली आणि दोन रेघांची पट्टी देव्हाऱ्यात ठेवून मोकळी झाली. पाळी गाठीमुळे चुकली होती, पोटही गाठीमुळेच जड लागत होतं. पण आता घरात तसं म्हणायची सोय राहिली नव्हती.

"अगं, निदान रक्त तरी तपासू दे मला," लॅबताईने विनवलं होतं.

"नको हो ताई. बाबांनी तीन महिने सुई टोचायची नाही म्हणून सांगितलंय. सोनोग्राफीही नाही, मशीनची नजर लागते. आणि दुसरी पट्टी लावली तर गर्भ रुसतो."

"गर्भ रुसतो? अजून धड डोकं नाही त्याला, आणि रुसायला लागला?"

यावर सासूबाई कडाडल्या, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांत काय दिवे लावले गं? ऑपरेशन-बिपरेशन काही नाही!"

 पण जावेने बाबांच्या थेंबांच्या पाण्याचं कौतुक करता करता जे सांगितलं, ते लॅबताईच्या डोक्यातून जाईना. पाणी म्हणे बर्फाळ डोंगरातलं, म्हणून कायम बर्फातच ठेवायचं. गरम झालं की शक्ती उडून जाते. आता, देवाचं पाणी आंबतं की काय? बर्फात ठेवावं लागतं ते औषध! शिवाय दवाखान्याचा एक नियम तिला तोंडपाठ होता. अंडं सुटण्यासाठी बाईला एक इंजेक्शन देतात. ते दिलं की पुढचे दोन आठवडे पट्टी लावायला सक्त मनाई, कारण बाळ असो-नसो, दोन रेघा येतातच.

म्हणून सोमवारी ती जावेला म्हणाली, "मलाही दुसरं मूल हवंय गं. नेशील मला बाबांकडे?" जाऊ बिचारी आनंदाने फुलून गेली. तिला फसवताना लॅबताईला फार वाईट वाटलं.

नंबर आला. लॅबताईने पेला पुढे केला. तीन थेंब, मंत्र, पट्टी, पाच मिनिटं. दोन रेघा, ठसठशीत.

"गर्भ राहिला!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "तेजस्वी जीव आहे, माई! मला त्याचं कपाळ दिसतंय!"

"कुणाला राहिला, बाबा?"

"तुला! आणखी कुणाला?"

"नाही हो," लॅबताई हॉलकडे वळून मोठ्याने म्हणाली. "या पेल्यात आमच्या दवाखान्याच्या नळाचं पाणी आहे. म्हणजे आमच्या नळाला दिवस गेलेत. बापाचं नाव काय लावू, तेवढं सांगा!"

कोपऱ्यात एक म्हातारी फिसकन हसली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण ही जात इतक्याने हार मानते थोडीच! "बघितलंत?" ते ओरडले. "नळालासुद्धा फळ देणारं पाणी आहे हे!" आणि काय सांगावं, चार-पाच जणींनी चक्क हात जोडले. लॅबताईला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"अहो बायांनो, पट्टीला बाळ दिसत नाही," ती पोटतिडकीने सांगू लागली. "पट्टी अगदी अडाणी असते. गर्भ राहिला की शरीरात एक हार्मोन तयार होतं, ते पट्टीला ओळखता येतं, बाकी काही नाही. तेच हार्मोन इंजेक्शनच्या बाटलीत विकत मिळतं आणि थंडच ठेवावं लागतं. यांनी ते पाण्यात कालवलंय. हे थेंब गटारात टाकले तरी दोन रेघा येतील!"

"नास्तिक आहे ही! हाकला हिला!" शिष्य पुढे धावला.

तेवढ्यात धाकटी जाऊ मध्ये आली.  "बाबा," ती म्हणाली, "मी आत्ता पट्टी लावते. फक्त तुमचे थेंब न टाकता. बाळ असेल तर दोन रेघा येतीलच ना?"

"गर्भ रुसेल, पोरी!"

"माझ्यावर रुसला तर मी समजूत काढीन त्याची. तुम्ही का घाबरताय?"

 लॅबताईने पर्समधली पाकीटबंद पट्टी दिली. जाऊ कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये गेली.  दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पट्टी तिने सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. एकच रेघ.

"बाळ नाहीये," ती म्हणाली. "माझ्या पोटात गाठ आहे. आणि या माणसाने मला ती गाठ अंगाखांद्यावर खेळवायला सांगितली होती."

मग बाथरूमसमोर रांग लागली. पहिल्या पाच पट्ट्यांवर एकेकच रेघ आली, तेव्हा त्या म्हातारीने जाऊन बर्फाची पेटीच उपडी केली. खाली इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या घरंगळल्या. लॅबताईने लेबल वाचून दाखवलं. तेच ते. पाळणाबाबांना आपली ध्यानाची वेळ झाल्याचं नेमकं तेव्हाच आठवलं आणि ते मागच्या जिन्याने पसार झाले. आरडाओरडा ऐकून धावलेल्या खालच्या दुकानदाराने त्यांना जिन्याच्या तळाशी पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं.

ऑपरेशन गुरुवारीच झालं. गाठीला अर्धा पीळ बसला होता. अंडाशय वाचलं. सासूबाई दिवसभर वॉर्डाबाहेर बाकावर बसून होत्या.

शुद्धीवर आल्यावर जावेने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मला मूल होईल?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वाट बंद झालेली नाही, एवढं नक्की. प्रयत्न करू."

जाऊ मान फिरवून रडली. मग लॅबताईचा हात धरून म्हणाली, "ताई, याही रडवतात. पण 'माहीत नाही' म्हणायला त्यांना लाज वाटत नाही."

बायांनो आणि बायांना तिथे घेऊन जाणाऱ्या शहाण्यांनो, एवढंच लक्षात ठेवा. चमत्कार करणाऱ्याला एकदा म्हणा, तुमचे थेंब न टाकता करून दाखवा. खरं सांगणारा माणूस दहा वेळा तपासू देतो. जो दुसऱ्यांदा तपासू देत नाही, त्याच्यासमोरून उठा आणि थेट दवाखाना गाठा. उशीर झाला तर किंमत तो बाबा मोजत नाही, तुमच्या घरातली लेक मोजते.