ओडमुंडचं विरजण

ती लाकडी कडी मीच उकळत्या पाण्यात घासली. दुसऱ्या कुणाला दोष देऊ?

एप्रिलमध्ये ओडमुंडला, माझ्या नवऱ्याला, माती दिली आणि दुसऱ्याच दिवशी मी घर धुवायला काढलं. हात थांबले की रडू यायचं. त्या भरात आढ्याला टांगलेली बिअरच्या विरजणाची कडीही खाली आली. व्हायकिंगांच्या काळापासून आमच्या शेतावर नाताळाची बिअर विरजणाने फसफसते. फेसात कडी बुडवायची, वाळवायची, पुढल्या वर्षासाठी टांगायची; विरजण तिच्यावरच जिवंत राहतं. यंदा डिसेंबरात ती जवाच्या कोमट रसात सोडली, दोन दिवस वाट पाहिली. ढिम्म! एक बुडबुडा नाही.

घरातलं माणूस गेलं की त्या नाताळात पहिला पेला त्याच्या नावाने प्यायचा, तोही घरच्या बिअरचा. दुकानातली यीस्टची पुडी टाकून ओडमुंडचं नाव घेऊ? जीभ झडेल माझी!

विरजण मिळण्यासारखं घर एकच, शेजारच्या हालवारचं. त्याच्याशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते. बारशाच्या जेवणात चारचौघांत माझ्या बिअरला ताक म्हणाला होता मेला.

गेले तरी. गरजवंताला अक्कल नसते.

"विरजण हवंय," दारातच म्हटलं. "आमचं मेलं. मीच मारलं."

हालवार आत गेला आणि बरणी घेऊन आला. झाकणावर ओडमुंडचं अक्षर होतं, मागच्या नाताळाची तारीख.

"तुमचंच आहे, बोर्गिल. माझं नासलं तेव्हा त्याने आणून दिलं. मग दरवर्षी ताजं आणायचा, अंधार पडल्यावर. म्हणायचा, बोर्गिलला सांगू नकोस, घराबाहेर काढील."

"काढलंच असतं!" म्हणाले, आणि त्याच्या उंबऱ्यावर बसून रडले.

"अगं, ते ताकाचं मी..."

"गप रे. चल आता. ओरडायला माणूस हवं."

विरजण घालताना आमच्याकडे घरधन्याने गळा फाडून ओरडायचं. भुतंखेतं पळतात, आणि जेवढी मोठी आरोळी तेवढी बिअर कडक. चाळीस वर्षं ओडमुंड ओरडला. पिंपाशी हालवारने टोपी काढली, छाती भरून घेतली.

"थांब," मी म्हटलं. "घर माझं आहे."

बरणी ओतली आणि ओरडले. एप्रिलपासून दाबून ठेवलेलं सगळं त्यात बाहेर आलं. गोठ्यातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

"बाई गं!" हालवारने कान चोळले. "यंदा कोण ताक म्हणेल!"

सकाळी फेस काठापर्यंत चढला होता. ओडमुंडचाच फेस. मी त्यात कडी बुडवली, आढ्याला टांगली, आणि हालवारची बरणी भरून ठेवली. ती मीच नेऊन देणार आहे, दिवसाढवळ्या.