तिसऱ्या प्लगचे आटे

“बॉनेटला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना, बाबा?”

“सांगितलं होतंस. ऐकलं होतं. पुढे?”

पुढे काय, पुढे सून गप्प. ती गप्प बसली की सासऱ्याला जिंकल्यासारखं वाटे. सकाळचे आठ वाजलेले. अंगणात पिकअप उभी, मागे हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, अकराच्या आत पोचवायचे. आणि इंजिन चारातल्या तीनच सिलिंडरवर चाललेलं, लंगड्या कुत्र्यासारखं. प्लग गेले होते. एवढं तिलाही कळत होतं. तिला कळतं, हेच तर त्याच्या डोळ्यांत सलायचं.

गाडी मुलाची. मुलगा दोन वर्षांपूर्वी परगावी नोकरीला गेला आणि महिन्यातल्या एका फोनपुरता उरला. स्टिअरिंग सुनेनं घेतलं. सासऱ्यानं तीस वर्षं गॅरेजात घालवलेली, म्हणून बॉनेट त्याच्याकडे राहिलं. अशी वाटणी. ती कुणी केली नव्हती, पण मोडायची कुणाची छातीही नव्हती.

मोडायची वेळ गेल्या महिन्यात आली. ऑइलचा बोल्ट सैल राहिला आणि भर रस्त्यात इंजिननं ऑइल ओकलं.

“वायसर खराब होता,” तो म्हणाला होता.

“वायसर नाही, हात,” ती म्हणाली होती.

आज तिनं शेवटचं सांगितलं. “आता काही बिघडलं तर यापुढे गाडी गॅरेजला. तुम्ही बॉनेटकडे बघायचंसुद्धा नाही.”

“आणि नाही बिघडलं तर?”

“तर चहा देईन.”

“तुझ्या चहापेक्षा बिघडलेलं बरं.”

*पहिला.*

वायरची टोपी ओढली. फुंकर मारून प्लगच्या खड्ड्यातली धूळ उडवली. पाना लावला, जुना प्लग काढला, काजळी बघितली, नवा घातला. एक काढायचा, एक घालायचा. सगळ्या वायरी एकदम उपटतो तो गाढव. हे सगळं तो मोठ्यानं म्हणत होता. ऐकायला तीच होती, आणि ती घड्याळ बघत होती.

एक गोष्ट मात्र तो मोठ्यानं म्हणत नव्हता. प्लगचे पहिले चार आटे नुसत्या बोटांनी फिरवायचे, पान्यानं नाही. आटा सरळ बसतोय की वाकडा, ते बोटांना कळतं. त्याच्या बोटांना आता काही कळत नव्हतं. वर्षभरापूर्वी डॉक्टर म्हणाले होते, साखरेनं नसा मारल्या. त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. शर्टाची बटणं तो दार लावून, पंधरा-पंधरा मिनिटं लावायचा.

*दुसरा.*

तोही बसला. पुढचे दोन प्लग डोळ्यांना दिसतात, म्हणून बसले.

“नळी देऊ?” सुनेनं पेट्रोलच्या जुन्या पाइपचा तुकडा पुढे केला. “प्लगच्या डोक्यावर खोचून फिरवायची. आटा वाकडा गेला तर नळी आपोआप घसरते. गॅरेजवाल्यानं दाखवलंय.”

“त्या गॅरेजवाल्याला पाना धरायला मी शिकवलं. नळी बाळांना दूध पाजायला असते, सूनबाई.”

“बरं. पाजू नका.”

*तिसरा.*

हवेच्या मोठ्या पाइपखाली. तिथं डोळे पोचत नाहीत, नुसता हात पोचतो. जुना निघाला. नवा त्यानं आत सोडला, बोटांनी फिरवला. फिरतोय का? फिरतोय असं धरून चालला. मग पाना.

इंजिनातून बारीक किरकिर आली.

“थांबा.”

त्यालाही ऐकू आली होती. तीस वर्षांत ही किरकिर ऐकून त्यानं कितीतरी शिकाऊंच्या कानाखाली वाजवली होती. इंजिनाचं हेड, ज्यात प्लग बसतो ते, अल्युमिनियमचं; प्लग लोखंडी. वाकडा प्लग रेटला की लोण्यातून सुरी. इथंच थांबला असता, प्लग उलटा काढला असता, तर निभावलं असतं.

“बाबा, थांबा म्हणतेय!”

ती म्हणाली, म्हणून त्यानं पाव फेरा आणखी दिला.

आटे गेले.

*चौथा.*

चौथ्याची पाळी आलीच नाही. सुनेनं फोन केला आणि अर्ध्या तासात गॅरेजवाला स्कूटरवरून आला. आता पन्नाशीचा, पोट सुटलेला, तरी आल्या आल्या वाकला. “उस्ताद, बरे आहात?” मग पाइप बाजूला करून त्यानं टॉर्च आत मारला आणि जीभ चावली.

“आई गं! हे कुणी केलं?”

सासऱ्यानं पाना फडक्यात गुंडाळला.

“हिनं,” तो म्हणाला.

सून बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तसंही नाही. अंधारात पायरी शोधावी तसं.

“वहिनी, पहिले चार आटे बोटांनी,” गॅरेजवाला समजावू लागला. “उस्तादांनी आमच्या हाडात भरवलंय हे. घरात एवढा माणूस असून तुम्ही विचारलं नाही?”

“मी तेच सांगत होतो,” सासरा म्हणाला.

“हो, सांगत होते,” ती म्हणाली. “मीच ऐकलं नाही. माझा हात काही यात बसत नाही, भाऊ. आजपासून गाडी तुमच्याकडेच आणणार. घरी कुणी बॉनेट उघडायचं नाही.”

बोलली गॅरेजवाल्याशी; शेवटचं वाक्य मात्र सासऱ्याकडे तोंड करून. आता तो काय म्हणणार होता? हात बसत नाही तो तुझा नव्हे, माझा, असं? फडक्यातला पाना त्यानं खोक्यात टाकला.

खराब आटे खरवडून गॅरेजवाल्यानं आत नव्या आट्यांचा बुश बसवला, तिसरा प्लग लावला, न विचारता चौथाही लावला. इंजिन सुरू केलं. चारही सिलिंडर एकसारखे बोलले. दहा वाजून गेले होते.

सून किल्ली घ्यायला आत आली, तर बाथरूमचं दार उघडं. सासरा स्टुलावर बसून काळे झालेले हात धूत होता. तिनं आंघोळीसाठी हीटर लावून ठेवलेली बादली त्यानं हीटर काढून पुढ्यात ओढली होती. आरसा वाफेनं पांढरा झालेला. हात मनगटापर्यंत पाण्यात, आणि मनगटाशी कातडी लालभडक.

“बाबा, ते पाणी उकळतंय!”

“कोमट आहे.”

तिनं वाकून एक बोट पाण्याला लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग त्याच्या हातांकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“कोमट आहे,” तो परत म्हणाला, आणि हात तसेच ठेवले.