राग आणि रिपोर्ट

पारूबाई बेळगावात धाकट्या मुलाकडे, प्रेमानंदकडे वारल्या. देहदान करायचं, असं त्यांनी दोन्ही सुनांना सांगून ठेवलं होतं. प्रेमानंद तिथल्याच मेडिकल कॉलेजात शिकवायचा. थोरला भरमू निपाणीहून पोचायच्या आतच प्रेमानंदनं देह कॉलेजच्या ताब्यात दिला. भरमूला आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून त्यानं भावाचं घर वर्ज्य केलं.

पुढं भरमू वाळत गेला. हात थरथरायचे. शाळेत शिकवताना पोरांवर उगाच खेकसायचा. एकदा वर्गातच छाती धडधडून तो खाली बसला, तेव्हा त्याच्या मुलीनं, नीलमनं त्याला बेळगावच्या दवाखान्यात आणलं आणि काकाला फोन केला.

"ह्याला कुणी बोलावलं?" प्रेमानंदला बघताच भरमूनं विचारलं.

"मी," नीलम म्हणाली.

प्रेमानंदनं रिपोर्ट वाचला. "अण्णा, थायरॉईड वाढलंय. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, पेशी आवळते. ते परत ओढून घेतलं की सैल पडते. हे हार्मोन जास्त झालं की सोडणं-ओढणं लई जोरात चालतंय. म्हणून धडधड."

"मग दूध बंद करू?"

"दुधाचा संबंध न्हाय. गोळ्या घे, उतरंल. तुझी चिडचिड बी ह्यामुळंच हुती, अण्णा. मला वाटलंच, तू असा न्हाईस."

भरमू उठून बसला. "म्हणजे माझा राग आजार, आणि तू केलंस ते बरोबर?"

"तसं न्हाय."

"नीलम, ह्याला भाईर घालव."

गोळ्या लागू पडल्या. काही महिन्यांनी नीलमनं नवा रिपोर्ट पाठवला, सगळं ठीक होतं. तो पाहून प्रेमानंद मोठ्या आशेनं निपाणीला गेला.

दार भरमूनंच उघडलं. अंग भरलं होतं, हात स्थिर होते.

"रिपोर्ट बघितलास?"

"व्हय, अण्णा."

"मग आता आजार म्हणू नकोस. आईचा शब्द मी बी मोडला नसता. पण मी येईपर्यंत थांबायला पायजे हुतंस."

प्रेमानंद पायरी चढला. "आत येऊ?"

"नको."

भरमूनं सावकाश दार लावलं. मागच्या दारानं नीलम पाण्याचा तांब्या घेऊन आली. प्रेमानंद उभ्यानंच पाणी प्याला आणि बसस्टँडकडं चालू लागला.