याह्याच्या लेकराचं नाव

माझी गिरणी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. दळण घेऊन आलेल्या माणसाला मी बोलल्याशिवाय सोडत नाय, आणि कय्युम सर मला शिकवल्याशिवाय सोडत नसत. सर समोरच्याच घरातले. अरबी-फारसीचे मास्तर, आता रिटायर. मी साबण म्हणलं की ते म्हणणार, "कडूबाई, हा अरबी." जमीन म्हणलं की, "ही फारसी." एकदा मी चिडून म्हणलं, "अहो, आमच्या तोंडात आमचं काय हाय का नाय? दात तरी?" तर म्हणे, "दात दोघांचे. फारसीत दंदान." घ्या! माणसानं बोलावं तरी काय? जित्याची खोड म्हणतात ती ही.

पण सांगायचे लई गोड. अरबीत म्हणे शब्दांची घराणी असतात. तीन अक्षरांची एक आई, अन् बाकी सगळी तिची लेकरं. इलम, तालीम, मालूम, ही एका आईची. हयात अन् याह्या, ही एका आईची. याह्या त्यांच्या पोराचं नाव. "याह्या म्हणजे जगतो, जगणार," ते सांगायचे. "जिंदगी मात्र फारसी. ती तुमच्या जीवाची लांबची बहीण." सरांची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याला त्यांनी मुद्दाम हे नाव दिलं.

तो याह्या उन्हाळ्यात बिडकीनच्या रस्त्यावर गेला. कंपनी सुटल्यावर गाडीवरून घरी येत होता, मागून टेम्पोनं उडवलं. बायको आमरीन तेव्हा पोटुशी. मी भेटायला गेले तर सर भिंतीकडं तोंड करून बसलेले. डोळ्यात टिपूस नाय. मला म्हणाले, "कडूबाई, अर्थ खोटा निघाला." एवढंच.

त्यानंतर यायचे, डबा ठेवायचे, जायचे. मी मुद्दाम त्यांचे अरबी शब्द पेरायचे. "सर, आज हवा लई खराब हाय!" काही नाय. गिरणी चालू असली की मला बरं वाटायचं, त्या आवाजात त्यांचं गप्प राहणं जाणवत नसे.

दिवाळीनंतर आमरीनला मुलगा झाला. कपाळ थेट बापाचं. त्यांच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. सातवा दिवस गेला, महिना होत आला, तरी पोर बिननावाचं. आमरीन हट्टाला पेटलेली, नाव अब्बाच, म्हणजे सरच, देतील. अन् अब्बा पोराला हात लावंनात. एका सकाळी ती रडतच गिरणीत आली. "मावशी, ते त्याच्याकडं बघत पण नाहीत. बाप नाही, निदान आजा तरी पाहिजे ना माझ्या लेकराला?"

माझं डोकंच फिरलं. गिरणी बंद केली नि पिठाच्या हातानं तशीच समोर गेले, आमरीन माझ्या मागं.

"सर, गेलेल्याला रडा की, कोण नको म्हणतंय? पण हे जितं लेकरू काय पाप करून आलं का?"

त्यांनी माझ्या पिठाच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं नाव ठेवायची भीती वाटते हो." अन् मलाच विचारलं, "तुमचं नाव कडू का? दुनियेचे शब्द तुम्हाला सांगत बसलो, तुमचं कधी विचारलंच नाही."

"माझ्या आधीची भावंडं जगंनात. म्हणून आईनं कडू म्हणलं. यमानं तोंडात घातली तरी थुंकून द्यावी म्हणून. बघा ना, सत्तरी आली, अजून गिळंना मेला."

ते हसले नाहीत. "अजून काय करतात तुमच्यात?"

मग मी सांगितलं. आमच्या वैजापूरकडं लेकरं जगत नसली की घरातला मोठा माणूस बाळाला शेजारणीच्या ओटीत टाकतो. मोठ्यानं म्हणतो, आम्हाला नको हे. नि मूठभर कोंडा देऊन तेच पोर परत विकत घेतो. त्याचं नाव मग कोंड्या. मरण आलंच दारात, तर म्हणतं, असलं कोंड्याच्या मोलाचं पोर नेऊन काय करू?

"करू या," सर म्हणाले.

आयुष्यभर असल्या गोष्टींना हसलेला माणूस! आमरीन माझ्याकडं बघतच राहिली. मी गिरणीतून मूठभर कोंडा आणून तिच्या हातात दिला आणि पदर पसरून सरांसमोर बसले.

सरांनी त्या लेकराला पहिल्यांदा उचललं. माझ्या पदरात ठेवलं.

"बोला," मी म्हणलं.

"आम्हाला..."

"मोठ्यानं, सर. मरणाला ऐकू गेलं पाहिजे."

"आम्हाला न..."

तेवढ्यात पोरानं डोळे उघडले आणि त्यांच्याकडं टकाटका बघायला लागलं. सरांना हुंदकाच फुटला. त्यांनी लेकरू माझ्या पदरातून ओढून घेतलं, छातीशी धरलं. "पाहिजे," ते ओरडले, "मला पाहिजे हा! मला पाहिजे!" पोरगा गेला तेव्हा न रडलेला माणूस, घर दणाणून जाईल असा रडत होता. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

आमरीनच्या मुठीतून कोंडा सांडत होता. तिनं हळूच विचारलं, "मावशी, झालं का ते?"

"झालं की," मी म्हणलं. "कोंड्या झाला तुझा लेक."

झालं नव्हतं. नको म्हणल्याशिवाय पोर विकत घेता येत नाय. अन् त्या माणसानं तर दारं-खिडक्या उघड्या असताना, कुणालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, पाहिजे म्हणून सांगितलं होतं.