सव्वातीन फुटांचा मी आणि माझ्या पाट्या

मित्रांनो, मी एक बुटका, पिवळा, स्वस्तातला पोकलेन आहे. जुना आहे असं लोक म्हणतात. मी म्हणतो, वापरलेला आहे. खुंटीला टांगलेला कोटसुद्धा जुना होतो. त्याला वापरलेला म्हणता येत नाही.

माझी रुंदी सव्वातीन फूट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जन्माविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण मलाच थोडकं ठाऊक आहे. चीनमधला एक कारखाना. रांगेत माझ्यासारखे चाळीस जण. कुणी इंजिन बसवलं, कुणी रबरी पट्टे चढवले, कुणी हाताला बकेट जोडली. एका माणसाने मला ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. मग लाकडी खोकं, अंधार आणि बरेच दिवस समुद्राचे हेलकावे.

खोकं उघडलं तेव्हा समोर एक पाटी होती.

येथे सभासदांखेरीज कोणीही वाहन लावू नये. पाहुण्यांनीही.

ही पाटी माझ्या अंगावर नव्हती. पुण्यातल्या कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या भिंतीवर होती. माझे मालक श्रीनिवासराव तिथे राहत. परदेशी कंपन्या आपल्याकडे येऊ लागल्या त्या काळात ते संगणकाच्या नोकरीला लागले, वीस-बावीस वर्षं हिंजवडीला गेले, आणि पन्नाशीत नोकरी सोडून त्यांनी मुळशीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, दोन एकर जमीन घेतली. मला त्यांनी घरबसल्या संगणकावरूनच मागवलं होतं. पत्ता सवयीने घरचा दिला. त्यामुळे शेतावर जाण्याआधी मी आठ दिवस सोसायटीत राहिलो.

सोसायटीचे चिटणीस श्यामसुंदर पहिल्याच सकाळी खाली आले.

"श्रीनिवासराव, हे काय?"

"पोकलेन."

"ते दिसतंय. दुचाकीत धरायचा की चारचाकीत, एवढंच विचारतोय."

"हा पट्ट्यांवर चालतो. आपल्या नियमावलीत पट्टे नाहीत."

"संध्याकाळपर्यंत येतील."

आणि खरोखरच आले.

श्रीनिवासरावांच्या पत्नी नीरजाताई कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. म्हणाल्या, "अहो, लोक नोकरी सोडली की तंबोरा आणतात."

"तंबोऱ्याने चर खणता येत नाही."

"शेजाऱ्यांना त्रास मात्र दोन्हींनी देता येतो."

मला तेव्हाच कळलं, या घरात आपलं बरं चालणार.

डावा दांडा: वळणे व हात लांब करणे. आधी विचार करावा, मग ओढावा.

उजवा दांडा: उचलणे व उकरणे. दोन्ही दांडे एकदम ओढून हुशारी दाखवू नये.

माझ्या अंगावरच्या या पहिल्या दोन पाट्या. त्यांचं कारण माझ्यासोबत आलेलं पुस्तक. ते इंग्रजीत होतं, पण कुठल्या, ते इंग्रजांनाही सांगता आलं नसतं. एका वाक्याचा अर्थ श्रीनिवासरावांनी बराच वेळ लावला, तो असा निघाला: 'बाहू प्रसन्न असता जवळ उभे राहू नये.' त्यांनी पुस्तक मिटलं आणि नारायण पेठेत जाऊन स्वतःच्या मजकुराच्या पाट्या करून आणल्या.

शेतावर मला चालवायला सोनबा आला. सोनबा शेताजवळच्याच वाडीतला. दहा वर्षं त्याने मोठमोठी यंत्रं चालवली होती. मोठ्या यंत्रावर जो दांडा बकेट उचलायचा, तो माझ्यावर मला गर्रकन फिरवायचा. पहिल्याच दिवशी त्याने बकेट उचलायला दांडा ओढला, मी फिरलो आणि श्रीनिवासरावांचं नवं आंब्याचं कलम भुईसपाट झालं.

सोनबाने इंजिन बंद केलं आणि पाटी मोठ्याने वाचली. "साहेब, ही पाटी माझ्यासाठी हाय का मशिनीसाठी?"

"जो आधी वाचेल त्याच्यासाठी."

त्यानंतर सोनबा वाचून ओढू लागला. महिन्याभरात वाचायची गरज राहिली नाही. आम्ही दोघांनी मिळून काय काय केलं! झाडांसाठी दीडशे खड्डे. पाण्याच्या नळासाठी चर. बांधाची डागडुजी. एका खड्ड्यात पितळी तांब्या सापडला; तो कुणाचा यावर वाडीत आठवडाभर चर्चा झाली आणि शेवटी तो मारुतीच्या देवळात गेला.

पुढे उभे राहू नये. फोटो बाजूने काढावा.

तिसरी पाटी. पुण्याहून पाहुणे येत, म्हणून.

(चौथी पाटी पडली. चार भोकं आहेत. मजकूर मला आठवत नाही, आणि कुणाचं काही अडलेलंही नाही.)

यंत्र कुठले आहे हे विचारू नये. काम काय आहे ते सांगावे.

ही पाचवी. आता नीट ऐका, मित्रांनो.

मला पाहायला जो येई तो एकच विचारी, "चायनाचा हाय ना?" आणि पाठोपाठ, "मग बघू, संध्याकाळपातुर टिकतोय का." सोनबा हसून सोडून देई. श्रीनिवासराव सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पंधरा दिवस मजकुरावर विचार केला. चांगली दोन फूट लांबीची, जाड प्लास्टिकची, निळ्या अक्षरांची पाटी करून आणली. लावायची कुठे? माझ्या अंगावर एवढी मोठी सपाट जागा एकच होती, पाठीवर. तिथे त्यांनी ती घट्ट चिकटवली.

पाटी गाजली. शेजारच्या वाड्यांतून माणसं वाचायला येत. पाठीमागे उभी राहून मोठ्याने वाचत, हसत, एकमेकांना टाळ्या देत. मला अभिमान वाटला. मात्र आपली पाठ आपल्याला दिसत नाही. मलाही दिसत नव्हती.

आणि त्याच आठवड्यात मी तापू लागलो.

हे घडायला नको होतं, कारण त्याच आठवड्यात मला माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मिळालं होतं.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला कांताबाईंचं घर. दगडमातीचं, नीटस, सारवलेलं. दोन वर्षांपूर्वी श्रीनिवासरावांनी शेताला कुंपणाची भिंत घातली. भिंत पक्की झाली, पण डोंगराचं पाणी आधी जिकडून ओढ्याला जायचं ती वाट तिने बंद केली. पाणी वळलं आणि कांताबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीला लागलं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मागच्या खोलीची जमीन चार महिने ओली होती.

कांताबाई भांडायला आल्या नाहीत. एका सकाळी त्या आल्या, माझ्या पट्ट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "सायेब, माझ्या मुक्ताईला सातवा लागलाय. पयलं बाळंतपण म्हायेरीच. तिची खोली ती मागचीच, दुसरी न्हाई. पाणी येणार असंल तर आत्ताच सांगा. मी लेकीला निरोप धाडते, येऊ नको म्हणून."

श्रीनिवासराव तडक उठले. त्यांनी जाऊन ती खोली पाहिली. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढल्याची रेघ होती. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "येऊ द्या तिला. पाऊस लागायच्या आत घरामागून चर काढून देतो. भिंत माझी आहे, पाणीही माझंच."

घर आणि मागची दरड यांच्यामधला बोळ चार फुटांचा. मोठं यंत्र तिथे शिरणं शक्य नव्हतं, आणि शिरलं असतं तर त्याच्या धक्क्यानेच भिंत बसली असती. कुदळीने खणायला मुरूम फार कडक. आता तो आकडा आठवा. सव्वातीन फूट.

मी शिरलो. वीस मिनिटं झकास खणलं. मग अंगातून जळका वास आला आणि मी बंद पडलो.

तासाभराने गार झालो, पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा बंद.

श्रीनिवासरावांनी तेल बदललं. सोनबाने गाळणी बदलली. पाण्याची टाकी उघडून पाहिली, भरलेली होती. माझ्या डोक्यावर ओलं पोतं घातलं. मला ज्यांनी पाठवलं त्या कारखान्याला श्रीनिवासरावांनी सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं, त्यात दोनदा अभिनंदन केलेलं होतं. दहा दिवसांत साठ फुटांपैकी बारा फूट चर झाला. पश्चिमेला ढग दिसू लागले.

वाडीतली माणसं बोळाच्या तोंडाशी जमत. "सांगितलं व्हतं की न्हाई? चायनाचा!" कुणी माझ्या पाठीवरची पाटी वाचून दाखवी आणि आता वेगळ्याच कारणाने हशा पिकत असे.

शनिवारी नीरजाताई पुण्याहून आल्या. त्यांनी गणित मांडलं. "अहो, या वेगाने उरलेल्या कामाला चाळीस दिवस लागतील. पाऊस तेवढा थांबणार नाही. उद्या रविवार. उद्या हा नीट चालला नाही, तर सोमवारी दहा माणसं कुदळी घेऊन लावायची आणि याला विकायचं. त्या बाईला दिलेला शब्द तुमच्या खेळण्यापेक्षा मोठा आहे."

श्रीनिवासराव म्हणाले, "हो." त्यांचं ते मी ऐकलेलं सर्वांत लहान वाक्य.

मी घाबरलो का? नाही, मित्रांनो. माझ्या हातात जोर होता, इंजिन खणखणीत होतं. माझं काही बिघडलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त श्वास पुरत नव्हता, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी नवाच्या सुमारास मी पुन्हा बंद पडलो. सोनबा खाली उतरला. श्रीनिवासराव दरडीवर डोकं धरून बसले. कांताबाई चहा घेऊन आल्या. बोळात जागा नव्हती, म्हणून त्या माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"सोनबा, ह्याचं धुराडं कुठं रं?"

"वर हाय की, मावशी."

"ते धूर जायाचं. वारं कुठनं घेतो ह्यो?"

सोनबाने मान वर करून धुराड्याकडे पाहिलं.

"न्हाई, मी अडाणी, मला वाचता येत न्हाई, म्हणून इचारते," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी पाटीच्या कडेखाली बोट घातलं. "ह्या निळ्या फळीच्या मागं भोकं हायती बघा, जाळीसारखी. चुलीच्या तोंडाला दगड लावून कुणी फुंकत बसतं व्हय?"

गेल्या दोन-अडीच आठवड्यांत शे-दीडशे माणसांनी माझ्या पाठीमागे उभं राहून ती पाटी वाचली होती. प्रत्येकाला अक्षरं दिसली. जाळी दिसली ती ज्यांना अक्षरं वाचता येत नव्हती त्यांना.

सोनबाने पहारीने पाटी उचकटली. मागे धूळ, गवत, आणि इंजिनाला वारा देणारी ती जाळी.

नीरजाताई श्रीनिवासरावांकडे बघून म्हणाल्या, "मजकूर मात्र उत्तम होता हं."

सोनबाने जाळी झाडली, किल्ली फिरवली आणि मी असा श्वास घेतला की बोळातला पाचोळा उडाला. त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत थांबलो नाही. उजवीकडे दरड चार बोटांवर, डावीकडे कांताबाईंची भिंत चार बोटांवर. सोनबाने भिंतीचं सारवणसुद्धा खरवडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी चर ओढ्याला जाऊन मिळाला. आठवड्याने मुक्ताई आली. तिने खोलीच्या जमिनीवर तळवा टेकवून पाहिला, कोरडा होता. त्या पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी मी काढलेल्या वाटेने गेलं, आणि श्रावणात त्या खोलीत एक मुलगी जन्मली. तिचं नाव भाग्यश्री.

पुढची वर्षं मी भरभरून राबलो. वाडीतल्या निम्म्या शोषखड्ड्यांत माझा हात आहे. कुठला म्हणून कुणी विचारलं नाही. 'बारका कधी मिळंल?' एवढंच विचारायचे. मग श्रीनिवासरावांचे गुडघे दुखू लागले, सोनबाने स्वतःचं यंत्र घेतलं आणि माझ्यावर ताडपत्री आली. एका पट्ट्याला चीर आहे. नवा मिळत नाही. उजव्या दांड्याची पाटी उन्हाने पांढरी झाली आहे. गेल्या पावसाळ्यात सोनबाच्या बसायच्या जागेवर कोंबडीने अंडी घातली. मी हललो नाही.

पण सोनबा दर महिन्याला येतो. ताडपत्री काढतो, वंगण देतो, जाळी झाडतो आणि मला दहा मिनिटं नुसता चालू ठेवतो. त्या दहा मिनिटांवर मी आजही साठ फूट खणू शकेन.

पाचवी पाटी कुठे गेली म्हणाल, तर ती कांताबाईंनी त्याच दिवशी उचलली. "झाकायचीच हौस असंल तर पीठ झाकू दे," असं म्हणून पिठाच्या डब्यावर ठेवली. अजून तिथेच आहे. भाग्यश्री आता सहा वर्षांची झाली. पहिली अक्षरं ती माझ्या डाव्या दांड्याच्या पाटीवरून शिकली. परवा तिने डब्यावरची पाटी आजीला एकेक शब्द लावून वाचून दाखवली. कांताबाईंनी भाकरी थापता थापता पूर्ण ऐकून घेतली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं काय तरी कामाचं लिवलं असंल."

मित्रांनो, तुमच्याही घरी पंखा असेल, फ्रीज असेल, विहिरीवर मोटार असेल. त्यांना तोंड नाही. आज घरी गेलात की एक करा. त्यांच्या पाठीमागे जा, जाळी कुठे आहे ते शोधा, आणि फडक्याने पुसून काढा. आणि तिच्यावर काही चिकटवू नका, कितीही चांगलं लिहिलेलं असलं तरी.