रंगच तसा आहे त्याचा

नर्सरीत येणाऱ्या गिऱ्हाइकांची अक्कल मी बावीस वर्षं बघतेय. शोभेचा लव्हाळा म्हणजे गवतासारख्या लांब, बारीक पानांचं झुपकेदार झाड. आमच्याकडची जात तांबूस, अगदी कोवळं पानसुद्धा तांबूसच. दहातली नऊ माणसं कुंडीपुढे उभी राहून तोंड वाकडं करणार, "अहो, हे वाळलंय." मी म्हणणार, "रंगच तसा आहे त्याचा." एकीनं तर हिरवा रंग मारून मिळेल का असं विचारलं. अशांना मी नमस्कार करते आणि दुसरीकडे बघते.

त्यात मालकांनी माझ्या धाकट्या जावेला महिनाभरासाठी कामावर घेतलं. जमलं तर कायम, नाही तर घरी. भाऊजींचं काम सुटलेलं, पदरात दोन मुलं, त्यामुळे तिला ही नोकरी हवीच होती. मला मात्र ती नको होती. घरात एका ओट्यापाशी दोघी, आता कुंड्यांपाशीही दोघीच! शिवाय बाईसाहेबांनी जन्मात तुळशीशिवाय काही लावलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती हळूच माझ्याजवळ आली. "ताई, लव्हाळ्याची ती मोठी कुंडी गेलीय हो. पान वाकत नाही, मोडतं."

मोठी कुंडी म्हणजे मालकांनी लांबून मागवलेलं मूळ झाड. त्याचेच फुटवे काढून पुढची सगळी रोपं करायची होती.

"आली मोठी शहाणी," मी म्हणाले. "रंगच तसा आहे त्याचा."

"पाणी जास्त होतंय असं वाटतं."

"लव्हाळा ओढ्याकाठी वाढतो. माशाला कधी पाणी जास्त होतं का गं?"

तिच्यादेखत मी मुद्दाम आणखी एक तांब्या ओतला. दुपारी डबे खाताना सगळ्यांना हे रंगवून सांगितलं. तेव्हापासून खत कालवणारेसुद्धा तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. ती खाली मान घालून जेवत राहिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

महिना संपला त्या दिवशी मालक आले. "काय बाई, ठेवायची का तुमच्या जावेला?"

माझं उत्तर तयार होतं. पण नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं म्हटलं. मोठी कुंडी टेबलावर आणवली. लव्हाळा कधी छाटायचा नसतो. हातमोजे घालून बोटांनी मुळापासून वर विंचरायचा, म्हणजे सुटलेली पानं तेवढी निघून येतात. "बघा," मी मालकांना म्हणाले, "हिला हे झाड मेलेलं वाटतं." आणि ऐटीत बोटं फिरवली.

अख्खा झुपका माझ्या हातात आला. खाली बुंधा काळा, बुळबुळीत, आणि असा वास की मालक दोन पावलं मागे सरले.

"हे कधी झालं?" त्यांनी विचारलं. बावीस वर्षांची जाणती, आणि मी इतके दिवस मढ्याला पाणी घालत होते.

तेवढ्यात जाऊ वाकली आणि टेबलाखालून तीन छोट्या कुंड्या काढून तिनं पुढे ठेवल्या. तिन्हींत तांबूस पानं, लवचीक, बुडाशी नवे कोंब.

"ताईंना वाटतच होतं बुंधा नासतोय म्हणून," ती मालकांना म्हणाली. "चांगले होते तेवढे फुटवे आधीच काढून ठेवले."

मला तसं काडीइतकंही वाटलेलं नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं. माझ्याकडे न बघता ती हाताची माती फडक्याला पुसत राहिली.

मालकांचा जीव भांड्यात पडला. "म्हणूनच तुमच्यावर सोडतो मी सगळं," ते मला म्हणाले. "मग, हिचं काय करायचं?"

"ठेवा," मी म्हणाले.

घरी गेल्यावर ती काहीतरी बोलेल म्हणून मी कंबर कसून बसले होते. एक टोमणा मारला असता, तर मी चार मारले असते आणि फिट्टंफाट झाली असती. पण छे! माझ्यापुढे चहा ठेवून ती म्हणाली, "ताई, उद्या त्या तिघांना पाणी किती घालू?"

मी कप पुढे ओढला.

"तूच बघ," मी म्हणाले. "मला नाही कळत."